उमेदवारांचा हंगाम

जानेवारी सरत आला की आमच्याकडे दोन याद्या येतात. पहिली सरकारी असते. तिच्यात कोणाची बढती झाली, कोणाची बदली झाली आणि कोण आहे तेथेच राहिला, हे छापलेले असते. तिची वाट आम्ही पाहतो आणि पाहत नाही असे दाखवतो. दुसरी यादी पुण्याहून आमचे चिरंजीव धाडतात. जपानमधील कोणता मुलगा येत्या हंगामात कोणत्या मोटारीत बसणार, कोण वरच्या वर्गात चढला आणि कोणाला आणखी एक वर्ष त्याच वर्गात काढावयाचे आहे, याचा तपशील तिच्यात असतो. हंगाम म्हटला की ऊस आणि ज्वारी डोळ्यांपुढे यावी अशा घरात आमचा जन्म झाला. मोटारींच्या शर्यतींचाही हंगाम असतो, हे आम्हांला मुलाने शिकवले.

या मोटारी एकाच बैठकीच्या, वर टप नसलेल्या आणि चारही चाके अंगाबाहेर असलेल्या असतात. जपानात त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. मुले लहानपणी कार्ट नावाच्या बुटक्या गाड्या हाकतात. पुढे फॉर्म्युला फोर. ही स्पर्धा तेथे 2015 साली सुरू झाली. त्यावर सुपर फॉर्म्युला लाइट्स. 1979 पासून 2019 पर्यंत जी स्पर्धा जपानी फॉर्म्युला थ्री म्हणून ओळखली जाई, तिचेच 2020 पासूनचे हे नाव. सर्वांत वर सुपर फॉर्म्युला. या शेवटच्या पायरीवर 2014 ते 2018 या काळात कोइंबतूरचा नारायण कार्तिकेयनही धावला. खालच्या वर्गांत गाड्यांत फारसा फरक राहू नये अशी योजना असते. हेतू हा की जिंकला तर मुलगा जिंकावा, यंत्र नव्हे. आमच्या खात्यात अशी सोय असती तर पुष्कळ गोपनीय अहवाल वेगळे लिहिले गेले असते!

आम्ही चेन्नईस होतो तेव्हा चिरंजीव चौदा वर्षांचे होते. शहराबाहेर इरुंगट्टुकोट्टई येथे शर्यतींचा रस्ता आहे. एका रविवारी शेजाऱ्यांबरोबर तो तेथे जाऊन आला, आणि त्या रात्री जेवताना त्याने विचारले, "बाबा, मला कार्ट शिकायचंय. शिकू का?" आम्ही कागद घेतला. टायर, पेट्रोल, शिरस्त्राण, प्रवास असे आकडे एकाखाली एक मांडले, बेरीज केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. बेरीज बरोबर होती. त्याने ती तपासलीसुद्धा. पुढल्याच उन्हाळ्यात आमची बदली झाली आणि तो विषय सामानाबरोबर बांधला गेला, असे आम्ही समजलो.

2018 साली प्रशिक्षणासाठी आम्हांला टोकियोस जाण्याचा योग आला. मेच्या आरंभी तेथे सलग सुट्ट्या येतात. चिरंजीवांनी फोनवर बजावले, "बाबा, फूजीला जा. मोठी शर्यत दुपारी असेल, पण तुम्ही सकाळची पाहा. सकाळी पोरं धावतात."

आम्ही गेलो. पर्वत ढगांनी झाकलेला होता. समोर जवळजवळ दीड किलोमीटर लांबीचा सरळ रस्ता होता. बाके निम्मी रिकामी होती. ज्यांना मोठी शर्यत पाहावयाची होती ते अजून न्याहारी करीत असावेत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या गाड्यांचा थवा त्या रस्त्यावरून गेला आणि क्षणभर आमच्या छातीत काही हलले. आमच्या शेजारी एक गृहस्थ मांडीवर चहाचा थर्मास घेऊन बसले होते. तिसऱ्या फेरीनंतर एक गाडी आली नाही. गृहस्थ उठून उभे राहिले, बराच वेळ वळणाकडे पाहत राहिले, मग थर्मासचे झाकण घट्ट लावून जिना उतरू लागले. भाषा येत नसूनही तो गाडीतल्या मुलाचा बाप आहे हे आम्हांला कळले. त्यांनीही कधीतरी कागदावर बेरीज केली असेल. ती आमच्या बेरजेहून लहान खचितच नसणार. मग त्यांनी कागद कोणत्या बाजूस सरकवला?

त्या वर्षी त्याच मुलांत युकी त्सुनोडा नावाचा एक होता. त्याला अठरावे वर्ष पुरे होण्यास अजून आठवडा अवकाश होता. 2016 साली सुझुकाच्या शर्यतशाळेत शिष्यवृत्तीच्या निवडीत तो मागे पडला होता. परंतु शाळेचे प्रमुख साटोरू नाकाजिमा, जे स्वतः 1987 पासून फॉर्म्युला वनमध्ये धावलेले, त्यांनी त्याच्यासाठी शब्द टाकला. 2018 चे फॉर्म्युला फोरचे अजिंक्यपद त्याने मिळवले आणि 2021 मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला. ही हकीकत चिरंजीवांनी आम्हांला मोठ्या आनंदाने सांगितली. तीत त्याने आम्हांला उद्देशून काहीही म्हटले नव्हते. तेच आम्हांला जड गेले.

आजवर त्याच्या यादीला आम्ही लखनौची थंडी आणि आईची गुडघेदुखी कळवून उत्तर देत आलो. यंदा सरकारी यादीत आमचे नाव नव्हते, आणि पुढील यादीपूर्वी आम्ही निवृत्त झालेले असू. त्या रात्री मुलाची यादी आम्ही प्रथमच शेवटपर्यंत वाचली. तळाशी दोन नावे होती. त्याच वर्गात आणखी एक वर्ष काढणारी. आम्ही त्याला लिहिले : "या दोघांचे काय होईल? आणि चेन्नईस आमचे चुकले का?"

दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी आले : "बेरीज बरोबर होती, बाबा. फक्त तुम्ही एकदा माझ्याबरोबर तो रस्ता पाहायला यायला हवं होतं. मेमध्ये रजा घेऊन लखनौला येतो. तिथली सकाळ म्हणजे आपली पहाट. साडेतीन तासांचा फरक आहे. उठाल ना?"

आम्ही उठू. थर्मास काल बाजारातून आणला आहे.