उपकर दिल्लीत, रुग्ण गल्लीत

श्रीमंतांवर कर वाढवा म्हटलं, की सभागृहातून कुणीतरी हमखास उठतो: आधी आहेत ते पैसे नीट खर्च करा! सार्वजनिक वित्त शिकवण्यात आणि आरोग्याची अंदाजपत्रकं चाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे हा वाद मला पाठ आहे. त्यात कर कोण घेतो आणि दवाखाना कोण चालवतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

रुग्णालयं राज्याची, प्राप्तिकर केंद्राचा. 2015च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी संपत्ती कर मोडीत काढला. 2013-14 मध्ये त्यातून जेमतेम 1,008 कोटी रुपये आले होते आणि वसुलीची यातायात मोठी होती. त्याऐवजी कोटीहून अधिक उत्पन्नावर 2 टक्के जादा अधिभार लावला. अंदाज 9,000 कोटींचा. सौदा नफ्याचाच. पण संपत्ती करात राज्यांना वाटा होता, अधिभारात आणि उपकरात तो नसतो. बड्यांकडून जास्त घेतलं खरं. पण रुग्णालय ज्याच्या गळ्यात, त्याच्या तिजोरीत त्यातला हक्काचा पैसाही येईना.

2018पासून प्राप्तिकरावर 4 टक्के 'आरोग्य व शिक्षण उपकर' आहे. (तो पगारदारही भरतो, पगाराच्या चिठ्ठीवर पाहा.) त्यातल्या आरोग्याच्या हिश्शासाठी 2021 मध्ये वेगळा निधी काढला, पण तो केंद्राच्या योजनांसाठी. राज्याकडे पैसा येतो तो योजनेच्या अटी सोबत घेऊन.

बरं, नुसत्या काटकसरीने भागेल का? 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. 2021-22 मध्ये, कोविडचा खर्च धरूनही, तो 1.84 टक्के होता, आणि देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले 39.4 टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले.

तरी सभागृहातल्या त्या माणसाचा राग मला कळतो. निधी वर्षभर अडतो आणि मार्चमध्ये एकदम सुटतो. मग घाईत जे घेता येईल ते घेतलं जातं. एका ग्रामीण रुग्णालयात मी सोनोग्राफीचं यंत्र पाहिलं. त्यावरचं प्लास्टिकही कुणी काढलं नव्हतं, कारण रेडिओलॉजिस्टचं पद रिक्त. शेजारी औषधाच्या खिडकीवर एका बाईंच्या हातात चिठ्ठी: 'बाहेरून आणा'. 15 ऑगस्ट 2023पासून महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, केसपेपरसकट. औषध मोफत, पण ते असलं तर!

तामिळनाडूने 1994 मध्ये औषध खरेदीचं महामंडळ काढलं. तिथे प्रत्येक दवाखान्याला पासबुक मिळतं. त्यातल्या रकमेइतकी औषधं तो जिल्ह्याच्या गोदामातून उचलतो. आपण 2017 मध्ये खरेदी हाफकिन या राज्याच्याच औषधनिर्मिती महामंडळाकडे दिली, 2023 मध्ये ती काढून स्वतंत्र प्राधिकरण केलं. पाट्या बदलून औषधं वेळेवर येत नाहीत. पासबुकाची पद्धत उचलायला मात्र नवा कर लागत नाही.

माझ्या मते अतिश्रीमंतांवर कर वाढायलाच हवा, पण मूळ दरात, अधिभार म्हणून नव्हे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26साठी वाटपयोग्य करांतले 41 टक्के राज्यांना दिले, त्यात महाराष्ट्राचे 6.317 टक्के होते. म्हणजे शंभर रुपयांमागे आपल्याला सुमारे 2 रुपये 59 पैसे. ते फार थोडे, ही तक्रार रास्तच आहे. अधिभाराच्या शंभर रुपयांतून मात्र आपला वाटा शून्य.