वावरातला डाग

दिवाळीच्या तोंडावर आमच्या नागपूरच्या घरी भुईमुगाच्या शेंगांचे पोते येई. कन्हानच्या काठी आमचे लहानसे रेताड वावर होते. ते बटईने दिलेले. पोते उतरले की आई चकलीचा सोऱ्या बाजूला ठेवून आधी शेंगा उकडायला टाकी. आम्हा मुलांचा खरा फराळ तो!

एका भाद्रपदात मी वडिलांबरोबर वावरावर गेलो. पीक बरे होते; पण मध्येच खळ्याएवढ्या दोन जागांत झाडे खुजी राहिली होती. पाने मात्र गर्द हिरवी. वडील म्हाताऱ्या बटईदारावर कडाडले, "खुरपणी चुकवलीस!" तो हात जोडून म्हणाला, "कसूर माहा नाही जी, मालक. जागाच तशी हाय."

त्या दिवाळीला पोते अर्धेच आले. वडिलांनी वावर काढून घेतले. आणि मी? त्याच्या त्या वाक्याची नक्कल करून मित्रांना हसवू लागलो.

पुढच्या वर्षी बटईदार नवा, बियाणे नवे. डाग मात्र त्याच दोन जागी! वडील धुऱ्यावर बराच वेळ उभे राहिले. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. म्हाताऱ्याकडेही कधी गेले नाहीत.

पुष्कळ वर्षांनी भुईमुगाच्या एका रोगाची हकीकत वाचनात आली. पंजाबातल्या रेताड जमिनीत 1977 साली अशीच खुजी, गर्द हिरवी झाडे दिसली. आणि दरसाल त्याच त्याच जागी. हैदराबादजवळच्या पटांचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतले डॉ. डी. व्ही. आर. रेड्डी आणि त्यांचे सहकारी त्याच्या मागे लागले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन लांबीच्या काड्या दिसल्या: एक 184, दुसरी 249 नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर! पश्चिम आफ्रिकेतला असाच एक विषाणू ठाऊक होता. पण त्याला ओळखणारा रक्तरस याला ओळखीना. म्हणजे हा वेगळाच. 1983 साली त्याची ओळख जगापुढे मांडली गेली.

हा विषाणू स्वतः चालत नाही. मातीतला पॉलिमिक्सा नावाचा बुरशीसारखा सूक्ष्म जीव त्याला मुळांत पोचवतो, आणि त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे दबा धरून बसतात. पुढे एक साधी युक्तीही सापडली. पहिल्या पावसावर बाजरी दाट पेरायची, ते जीव तिच्या मुळांत शिरले की दोनेक आठवड्यांत ती उपटून टाकायची, आणि मग भुईमूग पेरायचा. रोग बराच कमी होतो.

आमच्या वावरात हाच विषाणू होता असे मी म्हणत नाही. ती माती कोणी तपासलीच नाही. पण माणूस बदलला आणि डाग हलला नाही, एवढा पुरावा आमच्या डोळ्यांपुढे होता. तो वाचायला सूक्ष्मदर्शक लागत नव्हता. "चुकलो" म्हणण्याचे धैर्य लागत होते.

आता दिवाळीला शेंगा बाजारातून आणतो. एखादी पोचट निघाली की ते जोडलेले हात आठवतात. नातवंडे ती नक्कल करून दाखवा म्हणतात. मी नाही करीत.