गुरुजींनी दिलेली वही

कॉलेजात माझ्या मराठीचं कौतुक व्हायचं. "मुसलमान असून किती शुद्ध बोलतोस!" हे वाक्य बक्षिसासारखं मिळायचं आणि काट्यासारखं बोचायचं. इकडे मोहल्ल्यात कुणीतरी हटकायचं, "उर्दू सोडून हे काय घेऊन बसलास?" घरात दखनी, शाळेत मराठी, नमाज अरबीत. यातलं माझं कोणतं? माझ्या वयाच्या अनेकांना हा प्रश्न छळत होता. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, ते काही उगाच नाही.

आमच्या मोहल्ल्यात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहायचे. सारे त्यांना गुरुजीच म्हणत. मी हा प्रश्न त्यांच्यापुढे मांडला. त्यांनी उत्तर दिलंच नाही. म्हणाले, "बेटा, दप्तर, कागद, शाई, दौत. शाळेत नेलेल्या या वस्तूंची नावं कुठून आली? अरबी-फारसीतून. त्यांना कुणी विचारतं का, तुम्ही किती शुद्ध म्हणून?" आणि रा. चिं. ढेरे यांचं 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तक माझ्या हातात ठेवलं.

पुस्तक वाचून झाल्यावर ते मला एसटीनं श्रीगोंद्याला घेऊन गेले. शेख महंमदांचं गाव. 'योगसंग्राम' हा त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ १६४५ सालचा. त्यातला संग्राम बाहेरच्या शत्रूशी नाही, माणसाचा स्वतःच्या मनाशी आहे. त्यांचे गुरू चांद बोधले. परंपरा सांगते की जनार्दनस्वामींचे गुरूही तेच, आणि जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथ. म्हणजे आमचे शेख महंमद नात्यानं एकनाथांच्या गुरूंचे गुरुबंधू! हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आणि हे शेख महंमद आपल्या कवितेत स्वतःला अविंध म्हणवतात. मुसलमानपण झाकत नाहीत, त्याबद्दल कुणाची माफीही मागत नाहीत. अलीकडे त्या जागेला मठ म्हणावं की दर्गा यावरून वाद झडले. गुरुजी असते तर त्यांनी वाद घालणाऱ्यांना आधी ग्रंथ वाचायला बसवलं असतं.

परतीच्या गाडीत गुरुजींनी पिशवीतून एक कोरी दोनशेपानी वही काढली. "तुझी दादी जात्यावर काय म्हणायची, ते लिहून आण. ती म्हणेल तसंच लिही. एक अक्षर सुधारायचं नाही."

दादीला अक्षरओळख नव्हती. ती हसली. "उसमें क्या लिखने का है रे?" म्हणाली. पुन्हा पुन्हा विनवलं तेव्हा बसली, पण ओवी काही आठवेना. शेवटी मी माळ्यावरचं जातं खाली काढलं, मूठभर ज्वारी घातली. खुंटा हातात आला, जातं फिरलं आणि ओवीमागून ओवी येऊ लागली. बोलताना दखनी बोलणारी माझी दादी गात होती मराठीत. भाऊ, माहेर, पिराचा उरूस, पंढरीची वाट, सगळं एकाच दळणात. ज्या प्रश्नानं मला छळलं होतं, तो तिला कधी पडलाच नव्हता.

वही भरली. गुरुजींनी ती पान न पान वाचली आणि दुसरी दिली. मग शेजारच्या खाला, मामीची सासू, बाजूच्या गावातल्या पिंजाऱ्यांच्या बाया. काही घरांत पुरुष आडवे आले. गाणं-बजावणं आपल्यात नको म्हणाले. मला ते पटलं नाही. दळणाऱ्या बाईला तिचा शीण हलका करायला कुणाची परवानगी लागावी?

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभरातून लाखावर ओव्या जमवल्या, त्यापुढे माझं काम ओंजळभर. पण कॉलेज संपताना 'पुढे काय' म्हणून जी धास्ती होती, ती या कामानं घालवली. नोकरी पोटासाठी केली, रविवार वहीसाठी ठेवला.

गुरुजी आज नाहीत. दादी तर त्यांच्याही आधी गेली. गिरणी आल्यावर जाती माळ्यावर गेली, गाणाऱ्या बायाही थकल्या. माझी नववी वही चालू आहे. परवा करमाळ्याकडच्या एका नानींना ओवीची पहिलीच ओळ आठवली, दुसरी काही केल्या येईना. तेवढी जागा मोकळी ठेवली आहे. त्यांची नणंद टेंभुर्णीला असते. पुढच्या रविवारी तिकडे जायचं आहे.