झोपाळ्याचा खण

गोल्फ हा खेळ आम्हां बडोदेकरांना सर्वस्वी परका नाही. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात त्याचे मैदान आहे. आमच्या घराण्याचा त्याच्याशी संबंध मात्र आजवर कुंपणाबाहेरूनच होता. तो खेळ आमच्या दिवाणखान्यात येऊ पाहील असे स्वप्नातही वाटले नव्हते. परंतु धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनी ते मनावर घेतले, आणि "काका, मापं तुम्हीच घ्या," म्हणून टेप आमच्या हाती दिली. आम्ही मास्तर मराठीचे. पण मास्तर म्हटला की त्याला सारेच विषय येतात, अशी घरच्यांची श्रद्धा असते.

घरातला गोल्फ म्हणजे असे : समोर जाड कापडाचा पडदा, त्यावर प्रोजेक्टरने उमटविलेले हिरवे मैदान, आणि चेंडूचा वेग व दिशा टिपणारे यंत्र. रडारचे यंत्र खेळणाऱ्याच्या मागे काही फुटांवर ठेवावे लागते. कॅमेऱ्याचे चेंडूच्या बाजूला बसते व जागा वाचविते. चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण चांगला टोला बसला तर ताशी २०० किलोमीटरांहून अधिक वेगाने सुटतो. म्हणून पडदा भिंतीपासून फूटभर पुढे, थोडा सैल टांगायचा; ताणून बसविला तर चेंडू उलटून खेळणाऱ्याच्याच अंगावर यायचा.

आमचा दिवाणखाना २२ फूट लांब, १४ फूट रुंद. जुन्या भाषेत पाच खणी. पुतण्या उजवा, त्याची बहीण डावखुरी. दोघांनी खेळायचे तर चेंडू रुंदीच्या मधोमध हवा. १४ फुटांत ते कसेबसे जमते. खरी अडचण उंचीची. तुळईखाली ९ फूट १ इंच, पाटाखाली ९ फूट ९ इंच. काठीच्या टोकाला ओला खडू फासून आम्ही पुतण्यास ती हळूहळू फिरवावयास सांगितली. तुळईखाली उभा राहताच सागवानावर पांढरी रेघ उठली. दोन तुळयांच्या मध्ये उभा राहिला तेव्हा काठी विनासायास फिरली : वर्तुळाचा माथा खणाच्या पोकळीत गेला, आणि तुळयांपाशी पोहोचेपर्यंत काठी पुरेशी खाली उतरलेली होती.

आता खण कोणता? दुसरा पडद्याच्या फारच जवळ. चौथ्यात माळ्याचा जिना उतरतो. उरला मधला, पडद्यापासून बरोबर १० फुटांवर. आणि त्या खणाच्या दोन्ही तुळयांना आमचा झोपाळा टांगलेला आहे.

आमच्या मातुःश्रींचे वय ८१. दुपारचा चहा, पोथी, आल्यागेल्याची चौकशी, सारे त्या झोपाळ्यावर. आम्ही कागदावर आकृती काढली, पण तो चौकोन काही केल्या खोडवेना. दुसरीकडे पुतण्या गावाबाहेर सदनिका पाहत होता. तिथले छत साडेनऊ फुटांचे. पंखा, दिवे गेले की काठीला वावच नाही. म्हणजे या खेळापायी का होईना, मुलगा जुन्या घरात राहण्याची शक्यता होती. हे आम्ही त्याला बोलून दाखविले नाही. टेप पुनःपुन्हा लावीत राहिलो, एवढेच.

शेवटी मातुःश्रींनीच विचारले, "काय रे, तीन दिवस काय मोजताय?"

पुतण्याने भीतभीत सांगितले. त्यांनी पायाने एक झोका घेतला.

"किती वेळ खेळणार?"

"संध्याकाळी तासभर, आजी."

"मग दिवाळीच्या रंगाला काढतोस तसा काढ की. कड्या अडकवलेल्याच आहेत, जडवलेल्या नाहीत. पण दिवेलागणीच्या आत परत टांगायचा. आणि पाट तू एकट्याने उचलायचा, तुझ्या काकाची कंबर दुखते."

पाट सव्वा मणाचा तरी असेल. पुतण्याने दोन्ही हातांनी उचलून पाहिला, आणि संध्याकाळी आम्हाला सांगितले की पडदा गुंडाळता येईल असाच मागवायचा. म्हणजे दुपारी पाहुणे आले तर दिवाणखाना दिवाणखानाच राहील. प्रोजेक्टरही वरून, जवळून मोठे चित्र पाडणारा हवा. नाहीतर खेळणाऱ्याची सावली पडद्यावर पडते. त्याची जागा आम्ही तिसऱ्या तुळईवर, झोपाळ्याच्या कडीपासून एक वीत सोडून, पेन्सिलीने दाखविली आहे. सदनिकेच्या दलालाचा फोन गेल्या आठवड्यात दोनदा येऊन गेला.