गफलत

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात, विशेषतः खाडीकाठच्या मोहल्ल्यांत, असे घर सापडणे कठीण की ज्यातला एकही माणूस आखातात गेलेला नाही. कुणी जहाजावर, कुणी तेल कंपनीत, कुणी दुकानात, आणि पुष्कळसे ड्रायव्हर. इंजिनिअर झालेल्या मुलाचा फोटो जमातीच्या अंकात छापून येतो. वीस वर्षे दुसऱ्याची गाडी चालवून बहिणींची लग्ने लावून देणाऱ्याचा येत नाही. आमच्या घरात असे दोघे. एक आमचे दुल्हेभाई, सौदीत कफीलच्या घरी ड्रायव्हर. दुसरे आमचे चाचा, ते परदेशी कधी गेले नाहीत, एसटीत गाडी चालवून निवृत्त झाले. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकवतो आणि स्कूटरच्या पुढे आमची मजल नाही. तेव्हा खाली जे लिहिले आहे त्यात स्टिअरिंग दुसऱ्यांच्या हाती आहे. आम्ही मागच्या सीटवर.

विषय निघाला तो भाच्याच्या गाडीवरून. हा दुल्हेभाईंचा मुलगा, मुंब्र्याला राहतो, नोकरी बरी आहे. त्याने नवी गाडी घेतली, त्यात निम्मे पैसे बापाचे. गाडी स्वतःच स्वतःला चालवते, असे त्याने फोनवर सांगितले तेव्हा आमच्या बहिणीने विचारले, "मग तू काय करतोस?"

प्रश्न बिनचूक होता. पण आधी ही यंत्रणा म्हणजे काय ते सांगायला हवे. गाडीच्या पुढच्या काचेमागे, आरशाच्या पाठीशी एक कॅमेरा असतो आणि पुढच्या बंपरच्या आत रडार. कॅमेरा रस्त्यावरचे पांढरे-पिवळे पट्टे वाचतो. रडार पुढची गाडी किती अंतरावर आहे आणि किती वेगाने चालली आहे ते मोजते. मग गाडी आपण ठरवून दिलेला वेग धरते, पुढचा मंदावला की आपणही मंदावते, पट्ट्यांच्या मधोमध राहावे म्हणून स्टिअरिंग हलकेच वळवते, आणि समोर काही आडवे आले व चालकाचा पाय हलला नाही तर स्वतः ब्रेक मारते. या सगळ्याला मिळून ‘ॲडास’ म्हणतात. आपल्याकडे एमजीच्या ग्लॉस्टरमध्ये ती २०२० साली आली, महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये २०२१ साली, आणि पाहता पाहता होंडा, ह्युंदाई, टाटा यांच्या गाड्यांतही बसली.

अमेरिकेत जनरल मोटर्सने २०१७ साली कॅडिलॅकच्या एका गाडीत खरोखरच हात सोडून चालवता येईल अशी ‘सुपर क्रूझ’ दिली. पण तीही कंपनीने आधी मोजून नकाशात घेतलेल्या महामार्गांवरच चालते, आणि चालकाचे डोळे रस्त्यावर आहेत की नाहीत हे पाहायला आत एक कॅमेरा असतो. आपल्याकडच्या या गाड्यांत तर हात सोडायची मुभाच नाही. काही सेकंद हात सुटले की पडद्यावर सूचना येते, मग घंटी वाजते, आणि तरीही ऐकले नाही तर यंत्रणा आपले अंग काढून घेते. हात सोडणे ही सवलत आपल्या लोकांनी स्वतःच घेतली. २०२२ च्या सुमारास मोबाइलवर चित्रफिती फिरू लागल्या: महामार्गावर गाडी धावते आहे, आणि चालक पाय वर घेऊन गप्पा मारतो आहे. स्टिअरिंगमध्ये पाण्याची बाटली अडकवून यंत्रणेची समजूत काढणारेही आहेत. परीक्षेत कॉपीची नवी युक्ती काढणाऱ्या पोरांत आणि यांच्यात आम्हाला फरक दिसत नाही.

२०२५ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही मुंब्र्याहून रत्नागिरीला या गाडीतून आलो. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. पुढे भाचा, त्याच्या शेजारी रजेवर आलेले दुल्हेभाई, मागे आमची बहीण आणि आम्ही. पेण सोडल्यावर काँक्रीटचा रुंद रस्ता लागला, दोन्ही बाजूंना ठळक पट्टे. भाच्याने बटण दाबले, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "पाहा अब्बा."

दुल्हेभाई काही बोलले नाहीत. त्यांचा उजवा पाय मात्र पायाखालच्या रबरी मॅटवर ब्रेक दाबत होता. नसलेला ब्रेक. घंटी वाजली की भाचा एका बोटाने स्टिअरिंगला स्पर्श करी, झोपमोड झालेल्या बाळाला थोपटावे तसा, आणि पुन्हा हात खाली. अर्धा तास हे चालले. गाडी खरोखर सरळ चालत होती. माणगावच्या कोंडीत तर तिने कमालच केली. पुढची गाडी दोन हात सरकली की आपण दोन हात सरकायचे, थांबली की थांबायचे. भाच्याला पाय हलवावा लागला नाही. चाचांचे दोन्ही गुडघे क्लचने खाल्ले, असे चाची म्हणते. त्यांना ही गाडी मिळायला हवी होती.

माणगावच्या पुढे एका ठिकाणी काम चालू होते. रस्ता उजवीकडे वळवला होता, नवे पट्टे मारले होते, पण जुने पुसले नव्हते. माणसाला समोरचे पिंप दिसते, लाल फडके दिसते, पुढचा ट्रक कुठे वळला ते दिसते. कॅमेऱ्याला पट्टा दिसला, जुना, सरळ गेलेला. स्टिअरिंग डावीकडे ओढले गेले. भाच्याने झटकन पकडले आणि गाडी रस्त्यावर आणली. झाले काहीच नाही. बहिणीच्या ओठांवरची दुआ तेवढी मोठ्याने ऐकू आली.

दुल्हेभाई तेव्हाही काही बोलले नाहीत. बोलले ते भरणे नाक्यावर चहा घेताना, आणि मुलाशी नव्हे, आमच्याशी. कफीलच्या गाडीत हे सगळे आहे, म्हणाले. रियाधहून दम्माम चारशे किलोमीटर, सुतासारखा रस्ता. "पहिले दोन दिवस भीती वाटली. मग दोन महिने आराम. आणि एके दिवशी कळलं, गेल्या अर्ध्या तासात रस्त्यावर काय काय गेलं त्यातलं मला काहीच आठवत नाही. डोळे उघडे होते, मास्तर. झोपलो नव्हतो." मग ते उंटाबद्दल बोलले. रात्री उंट आडवा आला तर दिव्यांचा उजेड त्याच्या पायांमधून पलीकडे निघून जातो, धड वर अंधारात राहते. तिकडच्या जुन्या ड्रायव्हरना ते ठाऊक असते, म्हणून ते उंट शोधत नाहीत, उजेडात काही काड्या हलतात का ते पाहतात. "यंत्राला ते दिसेलही. पण तपासून पाहायची माझी हिंमत नाही."

डोळे उघडे होते आणि झोपलो नव्हतो, हे वाक्य आम्हाला चहाच्या पेल्यापाशी अडकवून गेले. बी.एड.ला मानसशास्त्रात अवधान नावाचा पाठ असतो. तेव्हा तो गुणांपुरता वाचला. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर तासन् तास बसणाऱ्या सैनिकांच्या नजरेतून खुणा का निसटतात, हा प्रश्न इंग्लंडमध्ये नॉर्मन मॅकवर्थ या संशोधकाला पडला होता. १९४८ साली त्याने प्रयोग प्रसिद्ध केला: घड्याळासारखा एक काटा, ठरावीक टप्प्याने पुढे सरकणारा, आणि क्वचित दुप्पट उडी मारणारा. ती उडी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांची नजर ढिली पडत गेली. काम कठीण होते म्हणून नव्हे. त्यात करण्यासारखे काही नव्हते म्हणून.

हे आम्हा शिक्षकांना कुणी सांगायला नको. बोर्डाच्या परीक्षेत तीन तास पर्यवेक्षक म्हणून उभे राहून पाहा. वर्गात पाच तास शिकवून जो थकवा येत नाही तो येथे येतो. पहिला अर्धा तास आपण वाघ. मग खिडकीबाहेरचा आंबा, मग घड्याळ, मग नुसतीच भिंत. आणि चिठ्ठी निघते ती नेमकी भिंतीच्या वेळी. हात सोडून चालणारी गाडी ही ड्रायव्हरला पर्यवेक्षक करून ठेवते, एवढाच आमचा तिच्यावर आक्षेप आहे. काम काढून घेतले आणि जबाबदारी तशीच ठेवली. २०१६ च्या मे महिन्यात अमेरिकेत फ्लोरिडामध्ये टेस्लाच्या ‘ऑटोपायलट’वर चाललेली गाडी रस्ता ओलांडणाऱ्या मोठ्या ट्रकवर गेली आणि चालक जागीच ठार झाला. पांढरा ट्रक, मागे लख्ख आकाश. ना गाडीने ब्रेक मारला, ना माणसाने. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१७ साली ट्रकचालकाची चूक दाखवली, पण मोटारीच्या चालकाचे यंत्रणेवर अतोनात विसंबणेही कारणांत नोंदवले.

आमच्या उर्दूत यासाठी एक शब्द आहे, ग़फ़लत. मराठीने तो घेतला, पण घेताना त्याचा अर्थ पुढे सरकवला. मराठीत गफलत झाली म्हणजे घोटाळा झाला, चूक घडून गेली. उर्दूत ग़फ़लत ही चुकीच्या आधीची अवस्था. अजून काहीच बिघडलेले नाही, माणूस बसलेला आहे, डोळे उघडे आहेत, आणि तो तिथे नाही. सातवीच्या वर्गात हा फरक समजावताना आम्हाला दरवेळी उदाहरण शोधावे लागे.

घरी पोचल्यावर चाचांनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या, काचेमागचा कॅमेरा पाहिला आणि विचारले, "पावसात याला दिसतं का?" रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगर उतरून आलेली तांबडी माती रस्त्यावर पसरते, पट्टे तिच्याखाली जातात. गाडीच्या पुस्तकातच लिहिले आहे की मुसळधार पावसात आणि धुक्यात यंत्रणेवर विसंबू नका. म्हणजे कोकणात चार महिने विसंबू नका.

चाचांच्या मनात मात्र वेगळेच काही होते, ते आम्हाला ठाऊक होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या त्यात गेल्या, जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली. दोन्ही आमच्याच जिल्ह्यातून सुटलेल्या. त्या ड्रायव्हरांच्या डोळ्यांत आणि हातांत काही कमी नव्हते. अंधार, पाऊस, आणि रस्ता जिथे असायचा तिथे नव्हता. पुढची वाहने वाचली, कारण पुलाजवळच्या कुणाला तरी गाड्यांचे दिवे जाताना दिसले आणि पलीकडे निघताना दिसले नाहीत. चाचा ही गोष्ट कधी पूर्ण सांगत नाहीत. कॅमेऱ्याला तो पूल दिसला असता असे आम्ही म्हणणार नाही, दिसला नसता असेही नाही. नाहीसे झालेले दिवे मोजणारा मात्र माणूस होता.

या रस्त्याचे चौपदरीकरण २०११ पासून चालले आहे. चिपळूणचे ॲडव्होकेट ओवेस पेचकर यांना त्याच्या खड्ड्यांसाठी आणि रखडपट्टीसाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका कराव्या लागल्या. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी चिपळुणात बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेला उड्डाणपूलच खाली आला. आधी रस्ता शहाणा करा, मग गाडी, असे म्हणायचा मोह होतो. पण तेही पुरते खरे नाही. १९ मार्च २०१३ च्या पहाटे खेडजवळ जगबुडीच्या पुलावरून खासगी आरामबस नदीत कोसळली, ३७ माणसे गेली. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, हा सरकारचाच आकडा. केंद्र सरकारने २०२५ मध्ये बस आणि ट्रकसाठी आपोआप ब्रेक लागण्याची, पट्टा सोडल्यास आणि चालकाला डुलकी आल्यास इशारा देण्याची यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा काढला, तेव्हा चाचांनी तो पेपरातून आम्हाला वाचायला लावला. "आमच्या वेळी लवंग होती," म्हणाले. तोंडात लवंग, डोळ्यांना पाणी, आणि कंडक्टरने मधूनमधून हाक मारायची. हाक मारणारे यंत्र त्यांना चालते. हात सोडायला सांगणारे नाही.

रात्री जेवणावर बाप-लेकांचे बोलणे झाले. भाचा म्हणाला, पुढे ड्रायव्हर लागणारच नाहीत. ते म्हणताना समोर कोण बसले आहे हे त्याच्या ध्यानात आले असावे, कारण तो थांबला. दुबईने २०१६ सालीच जाहीर केले आहे की २०३० पर्यंत तिथला चौथा हिस्सा प्रवास चालकाविना होईल. आपल्याकडे नितीन गडकरींनी २०१७ साली सांगितले होते की चालकांच्या नोकऱ्या घालवणाऱ्या गाड्या येऊ देणार नाही. पण आमच्या मोहल्ल्याच्या नोकऱ्या दिल्लीच्या हातात नाहीत, तिकडे आहेत.

दुल्हेभाई नोकरीबद्दल काही बोलले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "उद्या माणूस गाडीखाली आला तर दियत कोण भरणार? गाडी?" सौदीत अपघातात कुणी मेले तर वारसांना रक्ताची भरपाई द्यावी लागते, आणि ती न देता आल्याने अडकून पडलेल्या ड्रायव्हरांच्या गोष्टी प्रत्येक कॅम्पात सांगितल्या जातात. भाच्याने सांगितले की कायद्याने जबाबदार चालकच. "मग हात त्याचेच असू देत," दुल्हेभाई म्हणाले, आणि भाकरी मोडली.

परतीच्या प्रवासाला निघताना भाच्याने पट्ट्यांत ठेवणारी यंत्रणा बंद केली, आपोआप लागणारा ब्रेक चालू ठेवला. पेणच्या पुढे त्याने काय केले ते आम्ही विचारले नाही. त्याच्या शेजारी बाप होता, विमानतळापर्यंत.

गेल्या महिन्यात दुल्हेभाईंचा फोन आला. कफीलने नवी गाडी घेतली आहे, तिच्यात ड्रायव्हरवर नजर ठेवणारा कॅमेरा आहे. आरशात जरा जास्त पाहिले तरी वाजतो, खिडकीबाहेर पाहिले तरी वाजतो. कफील मागे बसून प्रत्येक घंटीला मान वर करतो. यंत्राने हाक मारलेली चालेल असे चाचा म्हणाले होते, ते आम्ही त्यांना सांगितले. दुल्हेभाई हसले. "चाचांना सांग," म्हणाले, "कंडक्टर हाक मारायचा, पण साहेबांना कळवत नव्हता."