हिरवा दिवा

खोटे बोलायला जीभच लागते असे नाही. मोहरीएवढा एक हिरवा दिवाही ते काम बेमालूम करू शकतो, हे ज्ञान मला गेल्या जून महिन्यात झाले.

तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाकडे आमच्या महाविद्यालयाच्या संगणक समितीचे अध्यक्षपद का यावे, हे एक कोडेच आहे. ज्याला यंत्रातले काही कळत नाही तो सह्या मुकाट्याने करील, असा चालकांचा हिशेब असावा. ते काहीही असो. प्रवेशाच्या ऐन गर्दीत एके सकाळी आमची निम्मी यंत्रणा मुकी झाली आणि अध्यक्ष म्हणून मला तळघरातल्या त्या थंडगार खोलीत उभे राहावे लागले.

तेथे साडेसतरा इंच उंचीची एक लोखंडी पेटी आहे. तिला चॅसिस म्हणतात. फळीवर पुस्तके उभी करावीत तसे तिच्यात सोळा ब्लेड सर्व्हर उभे असतात. नेहमीचे चपटे सोळा सर्व्हर एकावर एक रचले तर किमान अठ्ठावीस इंच जागा लागते. ही बांधणी २००१ सालाच्या सुमारास बाजारात आली खरी, पण तिचे मर्म आपल्याकडील चाळमालकांना फार पूर्वीच उमगले होते. खोली ज्याची त्याची. नळ, जिना आणि देवडी सर्वांची! प्रत्येक सर्व्हरचा मेंदू आणि स्मृती स्वतंत्र. वीज, वारा घालणारे पंखे आणि बाहेर जाण्याचे मार्ग मात्र सामाईक. आमच्या पेटीत असे मार्ग दोन, म्हणजे एक डावा स्विच आणि एक उजवा. प्रत्येक बिऱ्हाडाला दोन्हींकडे उघडणारी दारे. विषम क्रमांकांनी आधी डावे दार वापरावे, सम क्रमांकांनी उजवे. आणि एक बंद पडले तर दुसऱ्याने जावे, अशी वाटणी.

त्या दिवशी विषम क्रमांकाचे आठही सर्व्हर बाहेरच्या हाकेला उत्तर देईनात. दिवे मात्र सर्वांचे हिरवे!

माझ्यातील तर्कशास्त्रज्ञ जागा झाला. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली सांगितलेली भेदपद्धती मी तीस वर्षे शिकवीत आलो आहे. मी फर्मावले, "पाच आणि सहा यांच्या जागा बदला." बदलल्या. पाच क्रमांकाचा सर्व्हर नव्या खणातही मुकाच राहिला. सहाचा जुन्या पाचच्या खणातही बोलत राहिला. दोष भाडेकरूबरोबर गेला, अर्थात दोष भाडेकरूचाच! तो सदोष असल्याचा शेरा मी तत्काळ लिहिला आणि नवा घेण्याच्या कागदावर सहीही ठोकली.

आमचा तंत्रज्ञ माझाच जुना विद्यार्थी. तो नम्रपणे म्हणाला, "सर, आठ जण एका रात्रीत कसे बिघडतील? आणि आधी डाव्या दाराने जायचे, ही सवय तर पाच नंबर आपल्याबरोबरच घेऊन गेला." मी निरुत्तर झालो. मग त्याने पहिल्या सर्व्हरवरून तिसऱ्याला हाक मारली, उत्तर आले. शेजारच्या दुसऱ्याला मारली, उत्तर नाही! भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी ऐकत नव्हता आणि त्यापलीकडचा ऐकत होता. कारण पहिला आणि तिसरा एकाच डाव्या स्विचवर होते. दुसरा उजव्यावर, आणि त्या दोन स्विचमधला रस्ता पेटीच्या बाहेरून जात होता. तेव्हा आतले सर्व काही ठीक होते. तुटले होते ते बाहेर.

आम्ही पेटीच्या मागे गेलो. डाव्या स्विचमधून बाहेर जाणारी केबल कपाटाच्या दारात चिरडली होती आणि तिचा दिवा विझलेला होता. तो मागच्या बाजूला असल्यामुळे कोणीच पाहिला नव्हता. स्विचने आत मात्र आठही जणांना हिरवा दिवा दाखवून ठेवला होता. बिचारे त्या दिव्यावर विसंबून पुढे तुटलेल्या रस्त्यावर टपाल टाकीत राहिले. उजवे दार सताड उघडे असताना त्याच्याकडे वळण्याचे त्यांना कारणच दिसले नाही.

नवी केबल आली. पण खरा उपाय तो नव्हता. बाहेरचा रस्ता तुटताच स्विचने आतले दिवेही विझवावेत, अशी व्यवस्था तंत्रज्ञाने करून दिली. मग त्याने मुद्दाम केबल उपसली. आठ दिवे विझले आणि काही सेकंदांत सोळाही सर्व्हर उजव्या दाराने बोलू लागले.

शेरा खोडून मी घरी आलो. पण मन त्या दिव्यापाशीच घुटमळत होते. मी दहा वर्षांचा असताना वडिलांची पेढी बंद पडली होती. तीन महिने ते रोज दहाला डबा घेऊन निघत आणि सहाला हसतमुखाने परतत. आम्ही नव्या कपड्यांसाठी हट्ट धरीत होतो. मामा एका पत्रासरशी धावून आले असते. आई शिवणकामात तरबेज होती. आम्हाला कळले तेव्हा तिचे दागिने सावकाराकडे जाऊन पडले होते. वडिलांच्या त्या धीराचे मी आजवर कौतुकच करीत आलो. आजही त्यामागच्या मायेविषयी मला शंका नाही. पण त्या मायेने आमचे दुसरे दार बंद ठेवले, हे मात्र त्या दिवशी प्रथमच जाणवले.

रात्री मुलीचा दूरध्वनी आला. "बाबा, बरे आहात ना?" या प्रश्नाला कित्येक महिने मी "उत्तम!" असे ठरलेले उत्तर देत होतो. त्या रात्री म्हणालो, "डाव्या डोळ्याने वाचता येत नाही, बाळ. शस्त्रक्रिया सांगितली आहे, आणि मला भीती वाटते."

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ती म्हणाली, "मी शनिवारी येते."

दुसरे दार उघडायला काही सेकंदच लागले.