आधी कोर्ट ठरव, मग कॉलेज

सोलापुरात बसून लॉ कॉलेजांची यादी चाळणाऱ्या मुलीस,



सध्या तुझ्या घरी दुसरा विषय नसणार. बाबा फी विचारतात, मामा 'प्लेसमेंट कसं आहे?' विचारतो, आणि तुझं बोट मात्र बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलवर अडकलेलं. कोर्टात आयुष्य काढलेल्या माणसाचं थोडं ऐक. कॉलेज मागाहून निवड. पदवी घेतल्यावर पहिली तीन वर्षं कुठे काढायची, ते आधी ठरव.

तीनच का? २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर गाठीला तीन वर्षांची वकिली हवी. पूर्वी आपली मुलं पदवी हातात पडली की जेएमएफसीच्या, म्हणजे याच परीक्षेच्या, तयारीला पुण्यात खोली घेत. ती वाट आता बंद झाली. जज व्हायचं असलं तरी ज्युनिअरशिप चुकत नाही.

आणि ज्युनिअरशिप म्हणजे काय, तेही सांगतो. सकाळी सीनियरच्या ऑफिसात फायली काढायच्या, बोर्डावरचे नंबर डायरीत उतरवायचे, पुकारा झाला की मुदतीचा अर्ज घेऊन उभं राहायचं, दुपारी नकलेसाठी खिडकीशी ताटकळायचं. महिन्याअखेरी हातात पडतं ते बहुतेकदा पेट्रोलपुरतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ च्या ऑक्टोबरात ज्युनिअरला शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत असं सुचवलं. नुसतं सुचवलं, सक्ती नाही. ते पत्रक कुणा सीनियरने भिंतीवर लावलेलं अजून माझ्या पाहण्यात नाही.

आता यात शैक्षणिक कर्जाचा हप्ता घाल. राष्ट्रीय विधी विद्यापीठात फी आणि वसतिगृह धरून वर्षाला काही लाख जातात, तेही पाच वर्षं. हप्ता सुरू झाल्यावर पेट्रोलपुरत्या पैशांत तीन वर्षं कोण काढणार? मग मुंबई-दिल्लीच्या लॉ फर्मशिवाय इलाज उरत नाही. तिथेच जायचं असेल तर खुशाल कर्ज काढ. मोठ्या फर्म भरतीला ठरावीक कॉलेजांतच जातात, तिथे नावाला किंमत आहे, हे खोटं कशाला सांगू? पण जज व्हायचंय म्हणून कर्ज काढणं हा उफराटा व्यवहार आहे.

मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ सालचं, पुण्याचं आयएलएस १९२४ सालचं. दोन्हीकडे सीईटीतून जाता येतं. गव्हर्नमेंटची फी किरकोळ, पण मुंबईत राहण्या-खाण्याचा खर्च धरल्याशिवाय त्याला स्वस्त म्हणू नकोस. सरन्यायाधीश झालेले आपले उदय लळीत तिथलेच. मात्र त्यांच्या घरात आधीपासून वकिली होती. तुझ्या घरात नसेल तर सीनियर कोण मिळतो, याला कॉलेजच्या नावाहून जास्त वजन आहे. भूषण गवई तर अमरावतीत शिकून सरन्यायाधीश झाले.

गावातल्या दयानंद लॉ कॉलेजला नाक मुरडू नकोस. घरचं जेवण, आणि तास संपले की कोर्ट गाठता येतं. कॉलेज कुठलंही असो, एखाद्या साध्या मंगळवारी जाऊन बघ. वर्ग भरतो का? ग्रंथालयात चालू वर्षाचे लॉ रिपोर्टर आहेत का? माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नकोस.

एक गोष्ट तुझ्या मामाच्या हिशेबात नसेल. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालं, आणि त्याच्या सहा जिल्ह्यांत आपलं सोलापूरही आहे. तोवर अपील म्हटलं की सिद्धेश्वर एक्स्प्रेसची रात्र आणि मुंबईचा वकील ठरलेला. आता सांगोला-मिरज ओलांडून आपलं अपील आपणच चालवता येईल. आणि पक्षकार इथलेच: शहराच्या पूर्व भागातली विडी कामगार बाई तेलुगूत बोलते, अक्कलकोटकडचा शेतकरी कन्नडमध्ये. त्यांचं म्हणणं दुभाष्याविना कळणारी वकील इथे हवी आहे, आणि हे कुठल्या रँकिंगमध्ये मोजत नाहीत.

कोर्टाचं कामकाज सगळ्यांना खुलं असतं, पास लागत नाही. पसंतीक्रम भरण्यापूर्वी दोन-तीन दिवस जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर येऊन बस. बाबांनाही घेऊन ये.

तुझा,
जिल्हा न्यायालयातला एक जुना वकील